पन्नाशीनंतर केस विरळ झाले तर कापावेत की लांबच ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की वय ५४, केस कमरेपर्यंत आहेत पण वेणी करंगळीएवढी राहिलीय, भांग रुंद होत चाललाय, आणि घरचे म्हणतात कापू नकोस, कापलेस तर उरलेलेही जातील. तर कापावेत का, कुठला कट बरा दिसेल, आणि फ्रिंज म्हणजे कपाळावर आखूड केस घ्यावेत का.

कापा. मी आठ वर्षं उशिरा कापले आणि मला त्या आठ वर्षांचंच वाईट वाटतं.

ताईचे आणि माझे केस म्हणजे आमच्या घरात कौतुकाचा विषय होता, त्यामुळे माझे जायला लागले हे मला मान्यच करायचं नव्हतं. खरं सांगायचं तर कळलंही नाही, कारण आरशात आपण स्वतःला समोरून बघतो आणि कपाळावरची केसांची रेषा होती तिथेच होती. ४८ व्या वर्षी भाचीच्या लग्नात कुणीतरी जिन्यावरून आम्हा सगळ्या बायकांचा फोटो काढला, त्यात माझ्या डोक्यावर मधोमध टाळू चकाकत होती. आधी वाटलं लाईट पडलाय. मग घरी येऊन दोन आरसे धरून बघितलं आणि तिथेच खाली बसले.

त्यानंतर ताईने गंगावन आणून दिलं. केस घट्ट मागे ओढायचे, आत गंगावन, वरून पिना, असा अंबाडा रोज. रात्री सोडला की मुळं दुखायची, डोकं ठणकायचं. वारा असेल तर बाहेर जायचं टाळायचे, कोणी उभं असेल आणि मी बसलेली असेन तर उठून उभी राहायचे. आठ वर्षं असं चाललं.

५६ व्या वर्षी जूनमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ऑगस्टमध्ये शेवटी पार्लरमध्ये जाऊन खांद्यापर्यंत कापून टाकले, आणि सप्टेंबरमध्ये केस मुठीमुठीने गळायला लागले. ताई फोनवर म्हणाली, "बघ, सांगत होते ना, कात्री लावलीस आणि गेले." हे वाक्य तिने त्यानंतर प्रत्येक नातेवाइकाला ऐकवलंय.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी केस कधी कापले हे विचारलंच नाही, विचारलं की तीन महिन्यांपूर्वी काही मोठं आजारपण झालं होतं का. ऑपरेशन, जोराचा ताप, बाळंतपण, मोठा मानसिक धक्का, असं काही झालं की बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. म्हणजे सप्टेंबरमधल्या गळतीचं कारण जूनमध्ये होतं. कात्री लागते ती मेलेल्या केसाला, कातडीखालच्या मुळाला तिचा पत्ताही नसतो. आणि ती गळती सहा-आठ महिन्यांत भरून आली, कपाळावर बारीक केसांची झालर उगवली होती, मी तिचा फोटो काढून ताईला पाठवला. उत्तर आलं नाही.

भांग मात्र भरला नाही, कारण ते दुखणं वेगळं. त्यात केसांची मुळं हळूहळू आक्रसतात, प्रत्येक केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, भांग रुंदावतो पण पुढची रेषा बहुतेकींची टिकते. लुडविग नावाच्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात, माझी दुसरी. फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासलं, फेरिटिन कमी निघालं त्याच्या गोळ्या झाल्या, आणि मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसांचं औषध सुरू केलं. पहिले काही आठवडे त्याने केस जास्तच गळतात, तिथे घाबरून सोडू नका, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. थांबवलं की मिळालेलं परत जातं हेही माहीत असू दे. माझा भांग आणखी रुंदावायचा थांबला, थोडा भरला. पूर्वीचे केस आले नाहीत, येणारही नाहीत.

तेलाने केस मऊ होतात, उगवत नाहीत. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, शिवाय घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकू शकतात.

आता लांबी. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोचायला त्याला पाच-सहा वर्षं न गळता टिकावं लागतं. वय वाढतं तसा हा काळ कमी होतो, बरेच केस अर्ध्या वाटेतच गळतात, म्हणून तुमची वेणी खाली करंगळीएवढी. खांद्यापर्यंत कापलेत की जवळजवळ सगळे केस एका रेषेत येतात आणि तेच केस दाट दिसतात. ब्लंट कट घ्या, म्हणजे शेंडे एका सरळ रेषेत कापलेले, हनुवटी ते खांदा यामध्ये कुठेही. फार लेयर्स घेऊ नका, शेंडे अजून विरळ दिसतात. भांग दुसऱ्या बाजूला पाडा किंवा नागमोडी पाडा, टाळूची ती सरळ पट्टी दिसत नाही.

ताईचा अंबाडा अजून तसाच घट्ट असतो आणि आता कानाच्या वर, दोन्ही बाजूंना तिचे केस गेलेत. वर्षानुवर्षं ओढ बसली की मूळच मरतं, मग ते परत येत नाही. मी तिला तोंडावर सांगितलंय, ती म्हणते वय झालं. त्या जागी तू कधी कात्री लावली होतीस का, एवढंच मी तिला विचारते.

हां, लांब केस आवडत असतील आणि सैल बांधत असाल तर कापायची सक्ती नाही, मी जरा जोरात लिहिलं. पण पुढची रेषाच मागे सरकत असेल, भुवया विरळ होत असतील, टाळूची आग होत असेल किंवा गोल चकत्या पडत असतील तर कट-बिट नंतर, आधी डॉक्टर, कारण पाळी गेल्यानंतर येणारा एक प्रकार असा आहे की त्यात मुळांच्या जागी व्रण होतो आणि उशीर झाला तर काही करता येत नाही. मिनॉक्सिडिलही विचारूनच घ्या, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला तुमची बाटली वापरू देऊ नका.

फ्रिंजचं विचारलं होतं ते राहिलंच. फ्रिंजसाठी केस टाळूवरूनच पुढे घ्यावे लागतात, म्हणजे विरळ जागा अजून उघडी पडते. मी घेतली होती, दोन महिन्यांत वाढवून टाकली.