शाईने रोजच्या वस्तूंची छोटी चित्रं काढायची आहेत. पेन-कागद कोणता घ्यावा आणि काढायचं तरी काय?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की पेन-कागद कोणता घ्यावा, रोज काढण्यासारखं आसपास काही दिसत नाही त्याचं काय, आणि शाई खोडता येत नाही म्हणून हात अडतो तो कसा सुटेल. मी सांगलीकर. बरीच वर्षं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर घरातल्या-बाजारातल्या वस्तू शाईने काढतोय. अडलेल्या हातापासूनच सुरुवात करतो.

आधी पेन्सिलने काढून वरून शाई फिरवायची सवय लावून घेऊ नका. तशी रेघ गिरवलेली दिसते, त्यात जीव नसतो. रेघ चुकली तर ती तशीच राहू द्या आणि शेजारून बरोबर रेघ ओढून पुढे जा. दोन रेघांतली कुठली खरी हे बघणारा आपोआप ठरवतो. हात अडतो त्याचं खरं कारण माझ्या मते वेगळंच आहे: आपण सगळं काढायला बघतो. एवढ्याशा कागदावर निम्मं काम सोडून देण्याचं असतं.

मी नव्या माणसाला पहिल्यांदा हळकुंड काढायला देतो. सांगलीत ते शोधावं लागत नाही, तुमच्याकडेही वाण्याकडे मिळेल. मात्र अख्खं घ्या, पूड काय कामाची! नीट बघा, त्यावर थोड्या थोड्या अंतराने वलयं असतात. बाहेरचा आकार बाजूला ठेवा आणि आधी ती वलयंच काढा. हळकुंड आडवं पडलंय तिथे वलय जवळपास सरळ रेघ दिसतं, आणि जिथे टोक तुमच्याकडे वळतं तिथे ते गोल होत जातं. एवढं साधलं की गोलाई उभी राहते, छायेची एक रेघही लागत नाही. मग बाहेरची रेघ ओढा, आणि उजेडाच्या बाजूला ती चक्क तोडून टाका. तिथे कागदाचा पांढराच पुरतो.

त्यानंतर स्टीलचा तांब्या आणि मातीचं मडकं शेजारी ठेवून काढा. मडक्यावर उजेड हळूहळू अंधारात जातो, म्हणून एकाच दिशेच्या बारीक रेघा दाट करत न्यायच्या. स्टीलवर तसं होत नाही. तिथे ठार काळ्या पट्ट्याला लागूनच कोरा पांढरा पट्टा येतो, मधलं काही नसतं. दोन्हींना सारखीच छाया दिली की दोन्ही भांडी प्लास्टिकची दिसतात. रेघांवर आडव्या रेघा टाकणं, म्हणजे क्रॉस हॅचिंग, फक्त सगळ्यात गडद जागी. यूट्यूब बघून लोक ते सगळीकडे करतात आणि चित्राची जाळी होते.

आता सामान. आमच्याकडे मिरजेत तंबोरे बनतात, त्यावरून सांगतो. दोन बोटं उंचीचा तंबोरा काढताना चारही तारा काढायला गेलात तर काळा डाग होईल, कारण बारीक म्हणतो त्या ०१ नंबरच्या मायक्रॉन पेनची (हे बारीक टोकाचं तयार ड्रॉइंग पेन) रेघसुद्धा पाव मिलिमीटर जाड असते. दोनच तारा काढा, त्याही मध्ये तुटक. खुंट्या मात्र चारही दाखवा, वाद्य ओळखू येतं ते खुंट्यांवरून. म्हणजे पेनाचे सहा नंबर घेण्यात अर्थ नाही. ०१ आणि ०५ असे दोन पुष्कळ झाले.

टाक, म्हणजे शाईत बुडवून वापरायचं पेन, वापरायचा असेल तर कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चालते, पण ती फाउंटन पेनमध्ये भरू नका. असली शाई आत वाळून पेन कायमचं तुंबवते. उलट फाउंटन पेनची बहुतेक शाई पाणी लागलं की पसरते. पेन कुठलंही असो, रेघ ओढा, वाळू द्या, ओलं बोट फिरवून बघा, नंतरच त्याच्यावर भरवसा ठेवा. बोरूही, म्हणजे काडी तासून केलेली लेखणी, करून बघाच. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लला असताना बोरूनेच कितीतरी चित्रं काढली. बोरूत शाई फार टिकत नाही, त्यामुळे रेघा आखूड येतात, ठिपके येतात, आणि गवत, झाडं काढायला त्या फार शोभतात.

कागदात मात्र कंजुषी करू नका. झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते, पावसाळ्यात तर जास्तच. कार्ट्रिज पेपरची, म्हणजे ड्रॉइंगच्या जाडसर कागदाची, २२ × २८ इंची फुल शीट घ्या आणि १४ × ९ सेंमीचे, म्हणजे पोस्टकार्डाच्या मापाचे, तुकडे कापा. एका शीटमधून ३० निघतात. तुकडा स्वस्त पडला की तो वाया जायची धास्तीही उरत नाही.

काढायचं काय म्हणता? साताऱ्यात राहून हे विचारताय! पेढ्याच्या पुड्याची सुटलेली दोरी, एसटी स्टँडवर बोचक्याला टेकून झोपलेला माणूस (झोपलेले लोक हलत नाहीत, मोठी सोय), कुकरची शिट्टी, उंबऱ्याबाहेरच्या चपला. चपला तर जरूर काढा, अंगठा घासून झालेल्या खोलगट जागेसकट. एकदा सवड काढून तुमच्याच जिल्ह्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालय बघून या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, १९३८ मध्ये त्यांनी ते उभं केलं. तिथल्या मोठ्या तैलचित्रांपुढे सगळेच थांबतात. तुम्ही लघुचित्रांपाशी थांबा आणि इतक्याशा जागेत काय काय मोकळं सोडलंय ते बघा.

चित्रं कुणाला पाठवायची असतील तर मोबाइलने रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, कागद करडा येतो. दिवसा सावलीत काढा, नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. तो ‘ब्लॅक अँड व्हाइट करू का?’ विचारेल, त्याला ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांसकट, सांगा, नाहीतर बारीक रेघा उडतात.