घरच्या मैदानावर जिंकलं तर किंमत कमी का?

प्रश्न : पहाटे उठून अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघतो. एकाच टीमला दोघांनी हरवलं, तरी एकाच्या विजयाला जास्त भाव कसा काय ओ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भावा, मॅच कुठं झाली ते बघ की. आपल्याकडं कोल्हापुरात फुटबॉल लीगला सगळ्या तालमींच्या टीम शाहू स्टेडियमवरच खेळतात त्यामुळं घरचं-बाहेरचं हा विषयच येत नाही, पण तिकडं प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा हॉल, त्यात स्वतःची पोरं बोंबलणार, वर पाहुण्या टीमला प्रवासाचा शीण. म्हणून एनसीएए म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची संघटना, तिचं पुरुषांच्या टीमसाठी २०१८-१९ पासून नेट नावाचं रँकिंग आलं त्यात मॅचची जागा धरली जाते, आणि विजय चार गटांत टाकतात, पहिला सगळ्यात भारी. पहिल्या गटात बसायचं तर घरी १ ते ३० रँकची टीम हरवायला लागते, न्यूट्रल म्हणजे दोघांच्याही घरचं नसलेल्या कोर्टवर १ ते ५०, आणि बाहेर जाऊन १ ते ७५. म्हणजे साठाव्या रँकवाल्याला त्याच्या घरात जाऊन लोळवलं तर पहिला गट, तुमच्या घरी हरवलं तर दुसरा!

नेटच्या आधीची आरपीआय नावाची रँकिंग पद्धत तर अजून रोखठोक होती, घरचा विजय ०.६ आणि बाहेरचा १.४ धरायचे.

न्यूट्रलमध्ये मात्र जरा गोची आहे, कोर्ट कागदावर तटस्थ असतं पण एखाद्या टीमच्या गावापासून तासाभरावर असलं की प्रेक्षक सगळे तिचेच, मला तरी ते काय पटत नाही.

आणि मोठी कॉलेजं सीझनच्या सुरुवातीला छोट्या टीमना पैसे देऊन घरी खेळायला बोलावतात ना, त्यात समोरची रँकमध्ये १६१ वी किंवा त्याहून मागं असली की तो विजय थेट चौथ्या गटात.