फुंकर कमी, तरी ग्रुप बरा?

प्रश्न: आईने चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, आता सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) निघालाय. फुंकर टेस्टमध्ये (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजतात) अपेक्षेच्या ५५ टक्के आले तरी फाईलवर 'ग्रुप ई', आणि शेजारच्या काकांना ४५ असून 'बी', असं कसं?

उत्तर: अहो, ते अक्षर (ए, बी किंवा ई) फुंकरीच्या टक्क्यांवरून ठरतच नाही, टक्क्यांवरून १ ते ४ ग्रेड ठरते, अक्षर मात्र दम किती लागतो आणि वर्षभरात आजार किती वेळा उसळला यावरून. आईंना गेल्या थंडीत अ‍ॅडमिट केलं होतं असं तुम्हीच पुढे लिहिलंय ना, मग आजार उसळून एकदा जरी अ‍ॅडमिट व्हावं लागलं तरी ई, तिथेच ठरलं. (२०२३ पर्यंत सी आणि डी होते, ते एकत्र करून हा ई केला.) ई म्हणजे शेवटची स्टेज नव्हे! सहसा दोन लांब टिकणाऱ्या औषधांचा इनहेलर देतात, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ३०० च्या वर असतील तर त्यात स्टेरॉइडही, म्हणून तो रिपोर्ट डॉक्टरांना नक्की दाखवा.