केळीत २६ एमसीएम? जनुकांची यादी कशी गाळायची

प्रश्न : केळीच्या जीनोममध्ये डीएनए-प्रतिकृतीची एमसीएम जनुकं शोधतेय. ब्लास्टमध्ये (अनुक्रम जुळवून सारखी जनुकं शोधणारा प्रोग्राम) २६ नोंदी आल्या. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना-वनस्पतीत तर एमसीएम२ ते एमसीएम९ अशी ८च आहेत. चूक कुठे झाली? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : चूक नाही, यादी अजून गाळायची आहे. आधी जनुकांचे क्रमांक बघा. एकाच जनुकाची दोन-तीन ट्रान्सक्रिप्ट (आरएनए-प्रती) वेगवेगळी मोजली गेली असतील, तर प्रत्येक जागेची सगळ्यात लांब तेवढी ठेवा. मग उरलेली प्रथिनं हम्मर या प्रोग्राममध्ये पीएफ००४९३ या एमसीएमच्या डोमेनशी (प्रथिनातल्या ठरावीक भागाशी) ताडा, ई-व्हॅल्यू (जुळणी योगायोगाने होण्याचा अंदाज) ०.००००१ पेक्षा कमी हवी. ब्लास्ट एएए-प्लस या मोठ्या प्रथिन-कुळातली दूरची भावंडंही ओढून आणतो. क्लोरोफिल बनवणाऱ्या मॅग्नेशियम किलेटेजचा एक उपघटक असाच यादीत घुसतो. खऱ्या एमसीएममध्ये आय-डी-ई-एफ-डी-के-एम हा अमिनो आम्लांचा पट्टा जवळपास जसाच्या तसा सापडतो. अलाइनमेंट (अनुक्रमांची एकाखाली एक मांडणी) उघडून तो स्वतः डोळ्यांनी बघा, हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. एमसीएम१० नावावरून याच घरातलं वाटतं, पण त्यात हे डोमेन नाही. ते वेगळं मोजा.

पट्टा अर्धवट दिसला तर शेजारचं जनुकही तपासा. एकच लांब जनुक दोन तुकड्यांत नोंदलं गेल्याचं बऱ्याचदा आढळतं. शेवटी उलटा ब्लास्ट करा : केळीचं प्रथिन ॲरॅबिडॉप्सिसवर चालवलं की पहिल्या क्रमांकावर तेच एमसीएम यायला हवं. मग १००० बूटस्ट्रॅपचं (फांद्या किती भरवशाच्या ते तपासणाऱ्या फेऱ्यांचं) वंशवृक्ष-चित्र काढा. एवढं करूनही एमसीएम५ च्या दोन प्रती उरल्या, तर त्या खऱ्या असू शकतात, कारण केळीच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम तीनदा दुणावला होता. मात्र एक घोळ टाळा. आपल्या रावेर-यावलकडची ग्रँड नैन ही जात त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) आहे, तिच्यात ३३ गुणसूत्रं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला संदर्भ जीनोम पहांग या केळीच्या दुहेरी-हॅप्लॉइड (एकच संच दुप्पट केलेल्या) रोपाचा, ११ गुणसूत्रांचा. ग्रँड नैनच्या तीन ॲलील (एकाच जनुकाची रूपं) म्हणजे तीन जनुकं नव्हेत.

एखादं जनुक सापडलंच नाही, तर लगेच 'केळीत नाही' असं लिहू नका. प्रथिनांच्या यादीतून सुटलेलं जनुक टीब्लास्टएनने (प्रथिन घेऊन डीएनएत शोधणारा ब्लास्ट) थेट जीनोमवर शोधलं की पुष्कळदा हाती लागतं.

प्रश्न : रॅड५१ हे डीएनए-दुरुस्तीचं जनुक क्यूपीसीआरने (जनुक किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्या चाचणीने) मोजायचंय. केळीच्या पानाचा आरएनए तपकिरी येतो आणि सीटी (संकेत दिसेपर्यंतच्या चक्रांची संख्या) ३५ च्या पुढे जाते. (प्राध्यापक, धुळे)

उत्तर : तपकिरी रंग पॉलिफेनॉलचा. ती ऑक्सिडाइज होऊन आरएनएला चिकटतात आणि पुढचं एन्झाइम अडवतात. सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट) २ टक्के, पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं) २ टक्के, मीठ २ मोलर असं बफर घ्या. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल २ टक्के, पण ऐन वेळी घाला. बफर ६५ अंशांवर तापवूनच ऊतीची पूड त्यात टाका. क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा करा आणि लिथियम क्लोराइडने ४ अंशांवर रात्रभर साका बसवा. २६०/२३० चं (शुद्धता दाखवणारं, प्रकाशशोषणाचं) गुणोत्तर १.८ च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण, म्हणजे सीटी वाढण्याची, आरएनएची नाहीच, ऊतीची आहे. उमललेल्या पानात पेशी विभागत नाहीत, म्हणून तिथे रॅड५१ निपचित असतं. पोंग्याचं टोकही उपयोगाचं नाही, केळीचा वाढबिंदू खाली कंदाच्या माथ्यावर असतो. पांढऱ्या, ताज्या मुळांची १ सेंटिमीटर टोकं घ्या. डीएनएला दुखापत झाल्याशिवाय हे जनुक नीट जागं होत नाही, तेव्हा गॅमा किरण किंवा झिओसिन (डीएनए तोडणारं रसायन) देऊन पहिल्या काही तासांत नमुना घ्या. त्याच घटकेचा बिनउपचार नमुनाही हवा. प्राइमर ३' यूटीआरमध्ये (जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात) ठेवा, नाहीतर सख्खं भावंड डीएमसी१ सोबत वाढेल. प्राइमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, तुलनेसाठी संदर्भ जनुकं किमान दोन, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी कधीच वगळू नका.

प्रश्न : हरभऱ्याचं बी रात्रभर भिजवून पेरलं तर उगवण चांगली होते, पण जास्त भिजलं की बिघडतं. का? (शेतकरी, चोपडा)

उत्तर : साठवणीत कोरड्या बियाण्याचा डीएनए जागोजागी तुटत राहतो. पाणी शिरल्यावर पहिल्या तासांत दुरुस्ती चालते, प्रतिकृती तिच्यानंतर. सुमारे ८ तासांत बी या टप्प्यावर तयार होतं. त्यापुढे हवा कमी पडते, कोंब फुटू लागतो, आणि फुटलेला कोंब वाळला की मरतो. म्हणून ८ तासांनी काढा, सावलीत वरवर कोरडं करा, बीजप्रक्रिया मग करा आणि त्याच दिवशी पेरा. औषध लावलेलं बी भिजवू नका, औषध पाण्यात उतरतं.