म्हाळुंग की इडलिंबू?

प्रश्न : परसातल्या जुन्या झाडाला मोठी, खडबडीत सालीची फळं येतात. घरात सगळे म्हाळुंग म्हणतात, पण बागेचं काम करणारे इडलिंबू सांगतात. खात्री कशी करावी? (वाचक, वाई)

फळाच्या आधी पान बघा. जून पान तोडून देठ आणि पातं जिथे मिळतात तिथे नख फिरवा. लिंबू, जंबेरी (कलमाच्या खुंटासाठी लावतात ते खडबडीत सालीचं लिंबू), संत्रं, मोसंबी या सगळ्यांत तिथे बारीक रेघेसारखा सांधा असतो आणि पान ओढलं की बरोबर तिथेच सुटतं. म्हाळुंगाला हा सांधा नसतो. देठ सरळ पात्यात मिसळतो, देठाच्या दोन्ही बाजूंना पानासारखी कड (पंख) ही नसते. जांभळट पालवी आणि कळ्यांवर विसंबू नका, ती खूण लिंबातही सापडते.

मग फळ आडवं कापा. सालीचा पांढरा भाग जाड, मधल्या फोडी लहान आणि रस बेताचा असेल तर म्हाळुंग. पातळ साल आणि भरपूर रस दिसला तर म्हाळुंगाचा संकर समजा, इडलिंबू म्हणणारे बरोबर असू शकतील.

तरीही शंका उरली तर त्याच फळाच्या 20 ताज्या बिया, सुकू न देता, वेगवेगळ्या पिशव्यांत एक सेंटिमीटर खोल लावा. म्हाळुंगाच्या एका बीतून एकच रोप येतं. जंबेरीच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन येतात, कारण तिथे आईच्या पेशींपासून जादा गर्भ तयार होतात. काही पिशव्यांत जोड्या उगवल्या तर झाड शुद्ध म्हाळुंग नाही.

घोटाळा होतो याला कारण आहे. मोठं पिवळं लिंबू (लेमन), जंबेरी आणि कागदी लिंबू ही तिन्ही म्हाळुंगाचीच लेकरं. आया वेगवेगळ्या, बाप तिघांचाही म्हाळुंग. चेहरामोहरा जुळणारच.

प्रश्न : नर्सरीत जंबेरीवर डोळा भरलेलं म्हाळुंग मिळतं. कलमाने वाण बाटतो का? (वाचक, मिरज)

वाण बाटत नाही. खुंट, म्हणजे खालचं मुळांचं झाड, पाणी आणि अन्नद्रव्यं पुरवतो; वर बसवलेल्या डोळ्याची गुणसूत्रं बदलत नाहीत. दोन्हींच्या पेशी एकाच फांदीत मिसळल्याचं उदाहरण आहे, पण ते अगदी विरळा : सतराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये सापडलेलं बिझारिया, ज्यात म्हाळुंग आणि आंबट संत्रं एकाच फळात दिसतात. धर्माचा दंडक वेगळा असू शकतो. ज्यूंच्या सुक्कोत सणाला कलमी झाडाचं म्हाळुंग चालत नाही. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातातही म्हाळुंग आहे; आपल्याकडे पूजेला कलमी चालेल का, हे घरच्या गुरुजींना विचारा.

कलमी झाडाला खरा धोका खुंटाच्या फुटव्यांचा. जोडाखालून आलेला फुटवा तसाच राहिला तर दोन-तीन वर्षांत जंबेरी वर चढते, म्हाळुंग मरतं आणि मालकाला वाटतं वाण बिघडला. असा फुटवा कोवळा असतानाच बुंध्यातून उपटा. नुसता कापला तर पुन्हा फुटतो.

प्रश्न : स्वतःच्या मुळांवरचं रोप कसं करावं? जमीन काळी भारी आहे. (वाचक, तासगाव)

जून-जुलैत गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं आणा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची फांदी घ्या. अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढून आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा. तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. भिजवलेलं शेवाळ घट्ट पिळून गुंडाळा (पाणी टपकत असेल तर फांदी कुजते), वरून प्लॅस्टिक लावून दोन्ही टोकं बांधा. सहा ते आठ आठवड्यांत दिसणारी पांढरी मुळं तपकिरी होऊ लागली की कापा, निम्मी पानं कमी करा आणि रोप महिनाभर सावलीत ठेवा.

मातृवृक्ष मात्र निवडून घ्या. पानं खाली वळलेली, पाठीमागची मुख्य शीर तपकिरी, चिरलेली असेल तर त्या झाडाला हात लावू नका. ही एक्सोकॉर्टिस विरॉइडची (विषाणूहूनही लहान रोगकारकाची) लक्षणं असू शकतात. म्हाळुंगावर ती इतकी ठळक उठतात की रोग तपासायला प्रयोगशाळेत म्हाळुंगच वापरतात. हा रोग सुरीवरून पसरतो. प्रत्येक झाडानंतर पातं ब्लीच 1 भाग, पाणी 9 भाग या द्रावणात बुडवा.

काळ्या जमिनीत स्वतःच्या मुळांवरचं म्हाळुंग डिंक्याला (बुंधा कुजून डिंक गळण्याच्या रोगाला) लवकर बळी पडतं. दीड फूट उंच वरंब्यावर लावा, बुंध्याला माती चढवू नका, आळं खोडापासून लांब ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला खोडावर दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांड्यात केली तर पेस्ट खराब होते.