लिव्हरपूलला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लिव्हरपूलच्या सहलीसाठी तू केलेली यादी मी नीट वाचली. बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदाशी संबंध असलेली शहरातली जवळजवळ प्रत्येक जागा तिच्यात आली आहे, आणि तिची अडचणही तीच आहे. आधी केव्हर्न क्लब, मग स्ट्रॉबेरी फील्ड, मग पिअर हेडवरचे पुतळे, मग एखादे संग्रहालय, असा तुझा क्रम जागांच्या प्रसिद्धीप्रमाणे लागला आहे. अशा क्रमाने हिंडल्यास छायाचित्रे सगळी मिळतील. पण ती चार मुले या शहरात कशी घडली, कोण कोणाला कुठे भेटले, कोण कोणत्या परिस्थितीतून आले, हा धागा हाती लागणार नाही. म्हणून ही यादी तूर्त बाजूला ठेव आणि आधी काळ ठरव.

लिव्हरपूलपुरता हा काळ ठरवणे अवघड नाही. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन उपनगरातल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट झाली, आणि ३ ऑगस्ट १९६३ रोजी केव्हर्नमध्ये बीटल्सचा शेवटचा कार्यक्रम झाला. या दोन तारखांच्या मधली सहा वर्षे म्हणजे लिव्हरपूलचे बीटल्स. त्यानंतर त्यांचा मुक्काम लंडनला हलला. अ‍ॅबे रोडचा स्टुडिओ किंवा सॅव्हिल रोवरची ती गच्ची, जिथे ३० जानेवारी १९६९ रोजी ते शेवटचे जाहीरपणे एकत्र वाजले, ही त्या पुढच्या गोष्टीची स्थळे आहेत. याच सहलीत लंडनचे दोन दिवस बसवण्याचा तुझा विचार मला पटलेला नाही. लंडनला पुन्हा कधीतरी स्वतंत्र जावे. या वेळी चारही दिवस लिव्हरपूललाच द्यावेत.

विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट काढण्यापूर्वी एक काम कर. जॉनचे मेंडिप्स हे मेनलव्ह अ‍ॅव्हेन्यूवरचे घर आणि पॉलचे २०, फोर्थलिन रोड हे घर, ही दोन्ही नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत, आणि ती आतून पाहायची तर संस्थेच्या मार्गदर्शकाबरोबर, आगाऊ आरक्षण करूनच पाहता येतात. घरे लहान असल्यामुळे एका वेळी थोड्याच लोकांना घेतात आणि वर्षभर रोज ही फेरी नसते. तेव्हा आधी या फेरीची तारीख मिळव आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती रच. हॉटेल, रेल्वे, संग्रहालये यांत मागेपुढे करता येते. या फेरीत येत नाही.

पहिला दिवस शहराच्या मध्यभागी काढू नकोस. दक्षिणेकडच्या उपनगरांपासून सुरुवात कर, कारण गोष्ट तिथून सुरू होते. या मुलांच्या घरांमध्ये जो फरक आहे तो पुस्तकात वाचून कळतो, पण रस्त्यावर उभे राहिल्यावर तो डोळ्यांत भरतो. मेंडिप्स हे झाडांच्या रुंद रस्त्यावरचे, पुढे-मागे बाग असलेले मध्यमवर्गीय घर आहे. जॉनला तिथे त्याच्या मिमी मावशीने वाढवले. फोर्थलिन रोडचे घर नगरपालिकेने बांधलेल्या चाकोरीतल्या घरांपैकी एक आहे. मॅकार्टनी कुटुंब १९५५ मध्ये तिथे राहायला आले आणि पुढच्याच वर्षी पॉलची आई, जी सुईण होती, वारली. जॉर्ज हॅरिसनचा जन्म वेव्हरट्रीमधल्या आर्नल्ड ग्रोव्ह या बोळातल्या घरात झाला, जिथे शौचालय मागच्या अंगणात होते. रिंगो स्टारचे मॅड्रिन स्ट्रीटवरचे जन्मघर डिंगल या गोदीजवळच्या गरीब वस्तीत आहे. एकाच शहरात, एकमेकांपासून काही मैलांवर, चार मुले किती वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी होती हे या चार रस्त्यांवरून एकाच दिवशी फिरलास तर दिसेल. शेवटच्या दोन ठिकाणी लोकवस्ती दाट आहे, तेव्हा रस्त्यावरून शांतपणे पाहून पुढे जावे. खिडक्यांतून डोकावणे किंवा दारात उभे राहून छायाचित्रे काढून घेणे तुला शोभणार नाही.

मेंडिप्सच्या दारात थोडा अधिक वेळ थांब. पुढच्या दाराला काचेची एक लहानशी बंदिस्त पडवी आहे. गिटारचा आवाज घरात नको म्हणून मिमी मावशी या मुलांना तिथे पिटाळत असे, आणि त्या काचांमध्ये आवाज छान घुमत असल्यामुळे त्यांनाही ते बरेच वाटे. दोघे जेमतेम उभे राहतील एवढीच ती जागा आहे. याच रस्त्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर, जुलै १९५८ मध्ये जॉनची आई ज्युलिया मोटारीखाली सापडून गेली. पॉलची आई आधीच गेली होती. त्या दोघांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टींमध्ये ही एक होती, आणि ती लक्षात ठेवून तू तिथून फोर्थलिन रोडकडे निघावेस असे मला वाटते. दोन घरांमध्ये साधारण मैलभराचे अंतर आहे. मुले मधल्या गोल्फच्या मैदानातून आडवी जात. तू रस्त्याने, पण पायीच जा. फोर्थलिन रोडच्या बैठकीच्या खोलीत शाळा बुडवून दोघे समोरासमोर बसून गाणी रचत. पॉल डावखुरा असल्यामुळे समोरच्याच्या गिटारवरची बोटे दोघांनाही आरशात पाहिल्यासारखी दिसत. भिंतींवर पॉलचा धाकटा भाऊ माइक याने काढलेली छायाचित्रे आहेत. दोन्ही घरांत आत छायाचित्रे काढू देत नाहीत. याबद्दल तू नाराजी व्यक्त केली होतीस. मला मात्र हा नियम योग्य वाटतो, कारण त्यामुळे लोक खोलीकडे पाहतात.

वूल्टनचे चर्च याच भागात आहे. जत्रेच्या दिवशी जॉनचा क्वॉरीमेन हा वाद्यवृंद दुपारी चर्चच्या मागच्या मैदानावर वाजला, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी रस्त्यापलीकडच्या सभागृहात आयव्हन व्हॉन या दोघांच्या मित्राने पॉलची ओळख करून दिली. जॉन तेव्हा सोळा वर्षांचा होता, पॉल पंधराचा. चर्चच्या आवारात एलेनॉर रिग्बी हे नाव असलेला दगड आहे आणि बहुतेक लोक त्याचे छायाचित्र काढून परत फिरतात. गाण्यातले नाव त्या दगडावरूनच आले असे ठामपणे सांगणारे तुला भेटतील. पॉलने स्वतः दिलेला खुलासा वेगळा आहे: एलेनॉर हे नाव अभिनेत्री एलेनॉर ब्रॉनवरून आणि रिग्बी हे ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवरून घेतले, आणि त्या दगडाची आठवण मनाच्या तळाशी असलीच तर तो नकळत झालेला परिणाम असावा, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच आवारात मिमीचे पती जॉर्ज स्मिथ यांची कबर आहे. जॉनला वडिलांची माया देणारे हे गृहस्थ १९५५ मध्ये अचानक गेले. तू तिथे गेलास की आधी ही कबर शोध.

हे सांगण्यामागे एक हेतू आहे. बीटल्सच्या जागांभोवती कथा फार साचल्या आहेत आणि सहल आखताना त्या निवडून घ्याव्या लागतात. जॉनच्या जन्माच्या रात्री, ९ ऑक्टोबर १९४० रोजी, शहरावर बॉम्ब पडत होते असे कित्येक ठिकाणी छापले गेले आहे; त्या दिवसांची वर्तमानपत्रे तपासणाऱ्यांना त्या रात्रीच्या हल्ल्याची नोंद मिळाली नाही. तेव्हा प्रत्येक जागेपुढे तुझ्या वहीत दोन गोष्टी लिही: तिथे नक्की काय घडले, आणि आज समोर दिसते त्यातले मूळचे किती आहे.

हा दुसरा प्रश्न केव्हर्नला सर्वांत जास्त लागू पडतो. मॅथ्यू स्ट्रीटवरचे ते तळघर १९५७ मध्ये जॅझ क्लब म्हणून सुरू झाले. बीटल्स तिथे प्रथम वाजले ते ९ फेब्रुवारी १९६१ रोजी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. १९७३ मध्ये क्लब बंद करून भुयारी रेल्वेच्या कामासाठी जागा बुजवण्यात आली, आणि १९८४ मध्ये मूळ विटांपैकी पुष्कळ विटा वापरून तो पुन्हा बांधला गेला. आजचा क्लब जुन्या जागेचा बराचसा भाग व्यापतो, पण आजचे दार हे जुने दार नव्हे. जुने दार त्याच रस्त्यावर थोडे पुढे होते. तिथे आता सिला ब्लॅक या गायिकेचा पुतळा आहे, जी त्या काळात क्लबमध्ये लोकांचे कोट सांभाळण्याचे काम करत असे. हे सगळे समजून घेऊन आत गेलास तर निराशा होणार नाही. तिथे आजही रोज संगीत असते, आणि विटांच्या कमानींखाली आवाज किती जवळून अंगावर येतो हे अनुभवायला ती जागा पुरेशी खरी आहे. तिथून चालत काही मिनिटांत व्हाइटचॅपल हा रस्ता लागतो, जिथे ब्रायन एपस्टाइनचे नेम्स हे रेकॉर्डचे दुकान होते. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी तो दुपारी तिथून निघून या तळघरात आला आणि काही आठवड्यांत त्यांचा व्यवस्थापक झाला. हे अंतर तू स्वतः चाल.

मूळ स्वरूपातले तळघर पाहायचे असेल तर वेस्ट डर्बीमधल्या कास्बाह कॉफी क्लबला जा. तुझ्या यादीत हे नाव नव्हते. मोना बेस्ट या बाईंनी २९ ऑगस्ट १९५९ रोजी आपल्या घराच्या तळघरात तरुणांसाठी हा क्लब उघडला आणि पहिल्याच रात्री क्वॉरीमेन तिथे वाजले; जॉन, पॉल आणि जॉर्ज तिघेही त्यात होते. भिंती आणि छत रंगवण्याच्या कामाला या मुलांनीही हात लावला होता, आणि तो रंग अजून तिथे आहे. मोनाबाईंचा मुलगा पीट बेस्ट १९६० पासून ऑगस्ट १९६२ पर्यंत बीटल्सचा ड्रमवादक होता. त्याच्या जागी रिंगो आला. या कुटुंबाची बाजू त्यांच्याच तळघरात ऐकणे मला फार महत्त्वाचे वाटते. इथेही आधी आरक्षण करावे लागते.

तिसरा दिवस होप स्ट्रीटच्या परिसराला दे. पॉल आणि जॉर्ज शिकले ती लिव्हरपूल इन्स्टिट्यूट ही शाळा आणि जॉन शिकला ते कला महाविद्यालय अगदी एकमेकांना लागून होते. दुपारच्या सुट्टीत शाळेचे गणवेश घातलेली ती दोन मुले महाविद्यालयात जाऊन जॉनबरोबर गिटार वाजवत बसत. शाळा १९८५ मध्ये बंद झाली. पॉलने पुढाकार घेऊन तिच्या इमारतीत १९९६ मध्ये कलाशिक्षणाची संस्था सुरू केली, आणि नंतर तिने शेजारची महाविद्यालयाची इमारतही घेतली. जवळच अँग्लिकन कॅथीड्रल आहे. लहानपणी तिथल्या गायकवृंदाच्या चाचणीत पॉल नापास झाला होता. १९९१ मध्ये त्याच्याच ओराटोरिओचा, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यमेळ यांच्यासाठी रचलेल्या मोठ्या संगीतकृतीचा, पहिला प्रयोग त्याच कॅथीड्रलमध्ये झाला. समोरच्या गॅम्बिअर टेरेसमध्ये जॉन आणि त्याचा कला महाविद्यालयातला मित्र स्टुअर्ट सटक्लिफ एकत्र राहत. स्टुअर्टचे एक चित्र वॉकर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात विकले गेले, त्या पैशांतून त्याने बेस गिटार घेतली आणि तो वाद्यवृंदात आला. एप्रिल १९६२ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये त्याचा मृत्यू झाला. ती गॅलरी लाइम स्ट्रीट स्थानकाजवळ आहे. तिथेही जाऊन ये.

पेनी लेनबद्दल एवढेच सांगतो, की ती बसने जाऊन पाहण्याची जागा आहे. शहरातून स्मिथडाउन रोडने जाणारी बस तुला तिथे सोडेल. ही मुले तिथे बस बदलत, एकमेकांची वाट पाहत थांबत. म्हणून तो चौक, ते केशकर्तनालय त्यांच्या ध्यानात राहिले आणि याच नावाच्या गाण्यात आले. स्ट्रॉबेरी फील्ड हे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे बालकाश्रम होते. ते २००५ मध्ये बंद झाले आणि २०१९ पासून आवार लोकांसाठी खुले आहे. रस्त्यावरचे लाल फाटक नक्कल आहे; मूळचे फाटक आत ठेवले आहे, ते आत जाऊन पाहा. जॉनने त्या जागेवरचे गाणे १९६६ मध्ये स्पेनमध्ये असताना लिहायला घेतले, हे तिथे उभा असताना आठवावे.

अल्बर्ट डॉकवरचे मोठे संग्रहालय चांगले आहे, पण ते चौथ्या दिवसासाठी ठेव. जागा पाहून झाल्यावर तिथल्या वस्तू बोलू लागतात. आधी पाहिल्यास सगळा तपशील एकमेकांत मिसळतो. त्याच दिवशी मर्सी नदीच्या काठाने चाल. अमेरिकेहून येणाऱ्या बोटींवरचे खलाशी या बंदरात रेकॉर्डी घेऊन येत, आणि ही पिढी ज्या संगीतावर वाढली त्यातले काही असे या धक्क्यांवर उतरलेले आहे.

निघण्यापूर्वीचे महिनाभर एक पथ्य पाळ. नंतरचे अल्बम ऐकू नकोस. मार्च १९६३ मध्ये निघालेला पहिला अल्बम पुन्हा पुन्हा ऐक. त्यातली चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि त्यात केव्हर्नच्या रंगमंचावर रोज वाजवली जाणारी बरीच गाणी आहेत. त्या शहरात तू ज्यांना शोधायला जातो आहेस ते वादक याच अल्बममध्ये सापडतात. मधली एक मोठी जागा मात्र लिव्हरपूलमध्ये भरून निघणार नाही, आणि ती म्हणजे हॅम्बुर्ग. ऑगस्ट १९६० पासून तिथल्या क्लबांमध्ये रोज कित्येक तास वाजवून ते परतले तेव्हा त्यांच्याच शहराला ते ओळखू येईनात. २७ डिसेंबर १९६० रोजी लिदरलँड टाउन हॉलमध्ये लोक नाचणे सोडून रंगमंचाकडे धावले. हॅम्बुर्गचा तो भाग जाण्यापूर्वी वाचून घे, म्हणजे १९५९ चे कास्बाह आणि १९६१ चे केव्हर्न यांच्यातला फरक समजेल.

घरांच्या फेरीची तारीख मिळाली की मला कळव. ती कोणत्या वारी येते त्यावर कास्बाहचा दिवस ठरेल, आणि मग राहिलेला क्रम आपण दोघे मिळून पुन्हा लावू.

तुझा हितचिंतक