कल्पित जग उभारण्याची कला कशी शिकावी?

लेखनाआधी नकाशा, राजवंश आणि देवदेवता हे सगळे ठरवून घ्यावे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन आधी भाषा रचत बसले, पण ते पडले भाषाशास्त्रज्ञ.) त्याऐवजी त्या जगाची एकच अट निवडावी आणि तिचे परिणाम रोजच्या व्यवहारापर्यंत न्यावेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावरील सरकती वाळू गवत लावून थोपवण्याच्या सरकारी प्रयोगाचा अभ्यास करताना फ्रँक हर्बर्ट यांना ‘ड्यून’ची कल्पना सुचली आणि ती कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ग्रहावर पाणी दुर्मीळ आहे, एवढे सांगून लेखक थांबत नाहीत. तिथले वाळवंटवासी घामाचे पुन्हा पिण्याजोगे पाणी करणारा पोशाख घालतात, मृताच्या देहातील पाणी टोळीच्या मालकीचे मानतात, आणि त्यांचा एक म्होरक्या नव्या सत्ताधीशासमोर मेजावर थुंकतो, तेव्हा तो अपमान नसून अंगातली ओल देऊन केलेला सन्मान असतो. सरावासाठी आपणही एखादाच नियम बदलून त्या जगातल्या बाजारातली घासाघीस पानभर लिहावी, मात्र नियमाचा खुलासा करू नये. वाचकाला तो उमगला नाही, तर तळटीप न जोडता प्रसंगच पुन्हा लिहावा.